कंपासपेटीचा कॅमेरा

माघ उतरणीला लागला की आमच्या खात्यात परिपत्रकांचा हंगाम सुरू होतो. आंब्याला मोहोर येवो न येवो, कागद येतो. यंदाचा कागद असा: 'डिजिटल गोष्ट' या उपक्रमात प्रत्येक शाळेनं मुलांकडून तीन मिनिटांचा व्हिडिओ करून घ्यावा, ज्या शिक्षकांनी हे काम पूर्वी केलं आहे त्यांनी आपली एक यशोगाथा छायाचित्रासह पाठवावी, छायाचित्राखाली एक ओळ असावी. तळाला टीप होती, की ओळ प्रेरणादायी असावी.

हा कागद फोनवर आला तो आमच्या नळाचा दिवस होता. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला तिथी माहीत नसली तरी चालते, नळाचा वार पाठ असावा लागतो. जिन्याखाली सगळ्यांच्या मोटारी एकदम घरघरायला लागल्या होत्या. 'पाईप धर, पाईप सुटला' असा आरडाओरडा चालला होता. मी नोकरीला लागलो त्या वेळी हे शहर औरंगाबाद होतं. नाव बदललं, हद्द वाढली, नळाचा वार जागच्या जागी आहे. मीही मोटार सुरू केली, आणि टाकी भरेपर्यंत जुने फोटो चाळत बसलो.

फोटो लगेच सापडला. सातवीतली एक मुलगी, दोन वेण्या, एक डोळा मिटलेला, दुसऱ्या डोळ्यासमोर दोन्ही हातांत काहीतरी चौकोनी धरलेलं. मागं उघडं रान आणि त्यात बसलेली मेंढरं. लांबून बघणाऱ्याला वाटेल, मुलगी शूटिंग करते आहे. खात्यालाही तसंच वाटलं होतं. या फोटोवर मला प्रमाणपत्र मिळालं, आणि तेव्हापासून माझ्या नावापुढं कंसात 'तंत्रस्नेही' असं लिहितात. माझा आणि तंत्राचा स्नेह किती, ते माझा फोन जाणतो.

त्या वर्षी उन्हाळा माघातच आला होता. थंडी गेली हे सांगायलाही तो थांबला नाही. पैठण रस्त्यानं बिडकीनच्या अलीकडं एक वस्ती आहे, तिथल्या शाळेत मी होतो. आजूबाजूची निम्मी रानं औद्योगिक वसाहतीसाठी गेली होती आणि निम्मी जायची राहिली होती. त्यामुळं गावात दोनच तऱ्हेची माणसं उरली होती, जमीन गेलेली आणि जमीन कधी जाईल याची चौकशी करणारी. शाळेसमोरून दिवसभर मुरूम भरलेले डंपर जायचे. डंपर गेला की फळ्यावरची अक्षरं दिसेनाशी व्हायची. मुलं सवयीनं तोंडावर दप्तर धरायची, धूळ बसली की पुन्हा लिहायला लागायची. टँकर दोन तऱ्हेचे येत, एक गावाचा आणि एक बांधकामाचा. आवाजावरून पोरं सांगायची कुठला ते. गावाचा टँकर खड्ड्यात आदळताना हलका वाजतो म्हणायची, कारण तो निम्मा रिकामा असतो. पदार्थविज्ञान असं शिकवावं लागत नाही, आपोआप येतं.

अजून त्या ऋतूचा वास मला येतो. तापलेली धूळ, रस्त्यावरचं ओलं डांबर, आणि मेंढरांच्या अंगाचा तो उबट, लोकरी वास. शाळेला लागून एक रान होतं. पेरायला ओल नव्हती, म्हणून मालकानं तिथं मेंढरं बसवली होती. रात्री कळप रानात बसतो, लेंड्या पडतात, रानाला खत होतं. मेंढपाळाला त्याबद्दल धान्य मिळतं. पाऊस येईल या भरवशावर केलेल्या कामांत मला हे सगळ्यांत शहाणपणाचं वाटत आलं आहे. निदान त्याला उद्घाटन लागत नाही.

कळप बिरूभाऊंचा होता. त्यांची मुलगी सारजा माझ्या वर्गात. दरवर्षी माघ-फाल्गुनात आईबाप मेंढरं घेऊन नदीकाठाकडं निघायचे आणि सारजा वस्तीवर मामाकडं राहून परीक्षा द्यायची. त्या वर्षी चारा लवकर संपला, कोकरं जास्त झाली, आणि बिरूभाऊंनी ठरवलं की या खेपेला पोरीलाही न्यायचं. ते मला शाळेच्या दारात सांगायला आले. खांद्यावर घोंगडी, पायातल्या वहाणा बाहेर काढून ठेवलेल्या.

"गुर्जी, ह्या साली सारजीला नेतो. कोकरांना माणूस पाहिजे."

"दोन महिन्यांवर परीक्षा आहे, बिरूभाऊ. सातवी होऊ द्या तिची."

"सातवी हून काय व्हतंय?"

या प्रश्नाचं उत्तर मला नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "हुशार आहे हो पोरगी."

"ते मला बी म्हाईत हाय. मेंढरं तिचं ऐकत्यात, माझं ऐकत नाय." आणि हसून त्यांनी विषय तिथंच ठेवला.

नेमकं त्याच आठवड्यात मला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला शहरात पाठवलं गेलं. विषय: वर्गात डिजिटल गोष्ट आणि व्हिडिओनिर्मिती. सभागृहात पंखे जोरात फिरत होते, टेबलावर पाण्याच्या छोट्या छोट्या बाटल्या होत्या. निम्म्या प्रशिक्षणार्थींनी त्या न फोडता पिशवीत टाकल्या, मीही टाकल्या. पहिला दीड तास प्रोजेक्टरची वायर सापडण्यात गेला. मग एका उत्साही तरुणानं आम्हाला सांगितलं की प्रत्येक मूल ही एक गोष्ट असते. आम्ही वहीत लिहून घेतलं. मग त्यानं सहा चौकोनांचा कागद वाटला: पात्र, ठिकाण, अडचण, प्रयत्न, उपाय, संदेश. जगातली कुठलीही गोष्ट या सहा चौकोनांत बसते, असं तो म्हणाला. मी आयुष्यभर जी पुस्तकं वाचली त्यांतलं एकही मला त्या चौकोनांत बसवता येईना. पण तोपर्यंत जेवणाची सुटी झाली होती आणि जिलेबी गरम होती.

हे सगळं थोतांड होतं असं म्हणणं मला सोपं गेलं असतं. अडचण अशी की ते नव्हतं. मुलाच्या हातात फोन दिला आणि 'तुला दिसतं ते दाखव' म्हटलं, तर काय होतं ते मी पाहिलं आहे. ते पाहिलं नसतं तर आज इतका चिडलोही नसतो.

आमच्या पोरांना कॅमेरा नवा नव्हता. त्या वर्षांत दुष्काळ बघायला बरीच माणसं यायची, गाड्या घेऊन. कुणीतरी पोरांना विहिरीच्या कडेला उभं करायचं, हातात रिकामा हंडा द्यायचं आणि म्हणायचं, हसू नकोस. त्यामुळं कॅमेरा दिसला की आमची पोरं आपोआप चेहरा पाडायची. शाळेचा फोटो असला की उलट. गणवेश, तेल लावलेले केस, आणि 'हसा!' चित्रात यायचे दोनच प्रकार त्यांना माहीत होते, रिकामा हंडा किंवा भरलेलं हसू. शाळेत एकच चालू स्मार्टफोन होता, तो माझा. माझ्या सहकारी शेख मॅडम बटणांचा फोन वापरत आणि त्यावर खूश असत. मी गटागटानं फोन वाटला. चार गटांनी चार हंडे शूट करून आणले.

सारजा फोन घेऊन गेली ती दुपारच्या सुटीनंतर आली. मी रागावायच्या तयारीत होतो. तिनं फोन दिला आणि म्हणाली, "सर, ब्याटरी लई कमी हाय तुमची."

वाळूजच्या एका कारखान्यानं शाळेला टीव्ही दिला होता. त्याच्या पडद्यावरचं प्लॅस्टिक आम्ही अजून काढलेलं नव्हतं. खराब होईल म्हणून. त्या प्लॅस्टिकमधूनच आम्ही सारजाचे तुकडे पाहिले, फोनला वायर जोडून, ती सांगेल त्या क्रमानं.

तिनं फोन कमरेच्या उंचीवर धरला होता. मेंढराच्या डोळ्याची ती उंची. चित्रात पाठी दिसत होत्या, कान, पायांतून उडणारी माती, आणि लांब वर कुठंतरी डंपर. एका काळ्या म्हाताऱ्या मेंढीमागं ती चालत होती. मेंढी कळप सोडून बाजूला वळली, पडक्या विहिरीपाशी गेली. तिथं दगडी हाळ आहे, गुरांना पाणी प्यायचा. कोरडा. मेंढीनं तोंड आत घातलं, दगड चाटला, आणि उभी राहिली. बराच वेळ काही घडलं नाही. फोन हलला नाही. आपण असतो तर फोन हलवला असता. मग सारजाचा आवाज आला, अगदी हळू, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा.

"ही आमची काळी. हिला म्हाईत हाय, हाळात पानी नाय. तरी येती. रोज येती. मी म्हनलं, कशाला येती गं? तर ती म्हनली, बघून ठिवते. कवा आलं तर पयली मीच असंन."

पुढच्या बाकावर दप्तराचा बंद चावत बसणारा एक मुलगा होता, त्यानं तो तोंडातून काढला. आणि मग शेवटच्या तुकड्यात सारजानं कळपाला हाक मारली. ती हाक मला लिहिता येत नाही. जीभ टाळूवर आपटल्याचा एक आवाज आणि त्यातून निघालेलं लांबच लांब 'हाऽऽर्र', शेवटाला वर चढणारं. टीव्हीचा आवाज पूर्ण मोठा होता. खिडक्या उघड्या होत्या.

बाहेरच्या रानात एक मेंढरू उठलं. मग दुसरं. मग अख्खा कळप उठला, वळला, आणि शाळेच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. माना वर.

"सर, मेंढरं आली ओ! हजेरी घ्या त्यांची!"

"ये सारजे, तुझी काळी हिरोईन झाली गं!"

सारजा हसत बाहेर पळाली, कळप माघारी लावायला. शेजारच्या वर्गातून शेख मॅडम आल्या. "सर, ये कौनसा तास चालू है? माझी सगळी पोरं खिडकीत चढून बसली." मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. त्यांनी उभ्यानंच सगळं पाहिलं. चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "इसको कुछ मत करो. जैसा है वैसाच भेज दो."

संध्याकाळी बिरूभाऊ स्वतः आले. "मेंढरं टीव्हीकडं गेली म्हन? पोरं सांगत्यात. खरं हाय?"

"खरं आहे. तुमच्या पोरीची करामत."

ते बराच वेळ हसले. मग गंभीर झाले. "मला दावा की. फोन नगं, मला त्यात बारकं दिसत नाय. मोठ्यावर दावा."

टीव्हीच्या उद्घाटनाचा आणि मुलांचा व्हिडिओ दाखवायचा कार्यक्रम ठरला होता, टीव्ही आता त्या दिवशीच लावा असा वरून निरोप होता. प्लॅस्टिकही त्याच दिवशी पाहुण्यांच्या हस्ते निघायचं होतं. मी म्हणालो, "चार दिवसांनी कार्यक्रम आहे. तेव्हा या."

"येतो. चार दिस थांबतो आनखी. त्यात पोरीचं काय दिसलं तर ठिवतो तिला मामाकडं, परीक्षेपत्तर. म्होरं बी बघू. नाय दिसलं तर नेतो. बोला."

"बोललो," मी म्हणालो. इतक्या खात्रीनं मी आयुष्यात फार थोड्या वेळा बोललो असेन.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख आले. त्यांच्याकडं अनेक शाळा, सगळ्यांच्या लिंका त्यांनाच वर पाठवायच्या. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता आलं असतं. फोन हातभर लांब धरून त्यांनी सगळं पाहिलं.

"सर, कॅमेरा हलतोय."

"मेंढीबरोबर चालतोय, साहेब."

"तरी हलतोय. आणि हा हाळ कोरडा आहे."

"हो."

"कोरडा कशाला दाखवायचा? वर काय म्हणतील?"

"वर माहीत नाही का त्यांना?"

"माहीत असणं वेगळं, सर. लिंक असणं वेगळं." मग त्यांनी सहा चौकोनांचा कागद पाहिला. सारजानं पहिले चार भरले होते. पाचवा, उपायाचा, कोरा. "हे काय?"

"तिला माहीत नाही म्हणते."

"तिला नसेल, आपल्याला आहे ना? ठिबक सिंचन टाका. पाणी अडवा टाका. पॉझिटिव्ह ठेवा थोडं. भाषाही जरा बघा. मागं मस्त म्युझिक लावा, बासरी वगैरे."

मी एक-दोन वाक्यं बोललो असेन. 'पण मूळ कल्पनाच' अशी सुरुवात असलेली. ती वाक्यं मी हल्ली मनात पूर्ण करतो, फार धारदार होतात. तेव्हा मी 'बघतो' म्हणालो. आमच्या नोकरीत 'बघतो' म्हणजे 'करतो'.

सगळं पुन्हा शूट झालं. शाळेच्या दोन कुंड्यांतल्या तुळशीला पाणी घालताना मुलं. हात धुताना मुलं. सारजाला मी वाक्य लिहून दिलं: 'पाणी हेच जीवन आहे. आपण पाण्याचा थेंब न् थेंब वाचवला पाहिजे.'

तिनं वाचलं. "सर, पन थेंब हाय कुठं?"

पोरं हसली. मी हसलो नाही. "म्हण तू," म्हणालो. तिनं म्हटलं, पाढे म्हणतात तसं. एका दमात बरोबर आलं, पुन्हा घ्यावं लागलं नाही. मी तिला शाबासकीही दिली.

आणि मग पुरावे. उपक्रम केला याचे पाच फोटो लागायचे, ठिकाण आणि वेळ उमटलेले: चर्चा करताना, चौकोन भरताना, चित्रीकरण करताना, संपादन करताना, सादरीकरण करताना. चित्रीकरण करताना विद्यार्थिनी म्हणून मी सारजाला रानाच्या कडेला उभं केलं आणि लक्षात आलं की शाळेत फोन एकच. फोटो काढायला तो माझ्या हातात, मग तिच्या हातात काय? तिच्या दप्तरात पत्र्याची कंपासपेटी होती, झाकणावरचं चित्र घासून गेलेलं. म्हटलं, ही धर. आडवी.

"ह्याच्यातून काय दिसतंय, सर?"

"दिसायची गरज नाही. नुसती धर."

तिनं धरली, एक डोळा मिटला, आणि खरोखर बघायला लागली. मला वाटलं चेष्टा करते आहे. "दिसतंय की," म्हणाली. "काळी उठली बघा."

मी बटण दाबलं. फोनवर अक्षरं आली: जागा शिल्लक नाही.

उन्हात उभं राहून मी फोन उघडला. कशानं भरला आहे ते पाहिलं. सगळ्यांत मोठ्या फाइली सारजाच्या होत्या, अकरा तुकडे. ते नामंजूर झालेलेच होते. मी त्यांवर एकेक करून खूण केली आणि पुसून टाकले. कुणी सांगितलं नव्हतं. केंद्रप्रमुखांनी नाही, वरच्यांनी नाही. मुलीनं व्हिडिओ केला याचा पुरावा ठेवायला जागा हवी होती म्हणून मी तिचा व्हिडिओ पुसला. आणि मग तिचा फोटो काढला, कंपासपेटीसकट. छान आला.

बिरूभाऊंना काय दाखवायचं हा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला नाही, हे कुणाला खरं वाटणार नाही. मला मात्र पूर्ण खरं वाटतं. संध्याकाळी पाचच्या आत पाच फोटो चढवायचे असले की माणसाच्या मनात इतर काही येत नाही.

कार्यक्रमाला मंडप घातला होता. वाळूजहून टीव्हीवाले पाहुणे, शहरातून खात्याचे पाहुणे. श्रीफळ, शाल, आणि एकेका पाहुण्याला एक रोप. ज्या गावात पाणी नाही तिथं रोपं वाटण्याची हौस काही वेगळीच असते. टाळ्यांच्या गजरात टीव्हीवरचं प्लॅस्टिक निघालं. बिरूभाऊ मागं, मंडपाच्या खांबापाशी उभे. धुतलेलं धोतर, नवीन टोपी. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. सारजा त्यांच्याशेजारी, बोटानं टीव्हीकडं दाखवत काहीतरी सांगत होती. आपण त्यांना काय दाखवणार आहोत, ते तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं.

तीन मिनिटांतलं पहिलं अर्धं मिनिट मान्यवरांचे फोटो होते. मग उडत येणारी अक्षरं. मग बासरी. तुळशीला पाणी, हात धुणं, ठिबकचं एक चित्र कुठून तरी घेतलेलं. सारजा आली, म्हणाली, थेंब न् थेंब, आणि गेली. पुन्हा मान्यवर. टाळ्या. बाहेरच्या रानात मेंढरं रवंथ करत बसली होती, आमच्याकडं पाठ करून. एकानंही मान वळवली नाही. त्या दिवशीच्या प्रेक्षकांत जाणकार तेवढेच होते.

मी मागं गेलो. बिरूभाऊ नम्रपणे म्हणाले, "चांगलं हाय."

मी खिशातला फोन चाचपला.

"काळी कुठंय पन?"

"ते... फोनमधून गेलं, बिरूभाऊ. जागा नव्हती."

त्यांनी मान डोलावली. त्यांना जागा नसणं समजत होतं, त्यांच्या चराईची निम्मी रानं तारेच्या कुंपणात गेली होती. मग शांतपणे म्हणाले, "गुर्जी, राग मानू नगा. त्या टीव्हीत कोनाची बी पोरगी उभी केली असती तरी चाललं असतं. मंग आमचीच कशाला ठिवायची?"

सारजानं माझ्याकडं पाहिलं नाही. ती बापाला म्हणाली, "आबा, आत्ता पुन्यांदा करते की. काळी हाय, हाळ हाय. सर, फोन द्या. अर्ध्या घंट्यात आनते."

बिरूभाऊंनी आभाळाकडं पाहिलं. "ऊन कलेपत्तर थांबतो. मंग निघाय पाहिजे, म्होरल्या मुक्कामाला पानी हाय."

सगळं इतकं सोपं होतं. खिशातून फोन काढायचा आणि पोरीच्या हातात द्यायचा. मी फोन काढलाही. तेवढ्यात मंडपातून पुकारा झाला: आभारप्रदर्शनासाठी सरांनी व्यासपीठावर यावं. आणि आभाराची यादी फोनमध्ये होती.

"आलोच," मी म्हणालो. "पाच मिनिटं."

आभारप्रदर्शन पाच मिनिटांत होत नाही हे मराठी माणसाला सांगायला नको. एक नाव राहिलं तर सात वर्षं लक्षात राहतं. मी अध्यक्षांचे आभार मानले, प्रमुख पाहुण्यांचे, त्यांना वेळ काढू देणाऱ्या त्यांच्या कार्यालयाचे. चालकांचे. चहा करणाऱ्या ताईंचे. मधेच एका पाहुण्यांनी चिठ्ठी पाठवली, दोन नावं राहिली होती. ऊन मंडपाच्या झालरीखाली उतरलं होतं, माझ्या डोळ्यांवर यायला लागलं होतं. मी मंडपवाल्यांच्या नावावर होतो तेव्हा ती हाक आली. जिभेचा आवाज, आणि लांबच लांब, वर चढत गेलेली. माईकच्या वरून, माझ्या आवाजाच्या वरून. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी माना वळवल्या. मी एक क्षण थांबलो. मग पुढचं नाव वाचलं.

खाली उतरून रानाच्या कडेला गेलो तेव्हा रान रिकामं होतं. बसलेल्या जागांचे वाटोळे ठसे, लेंड्या, लोकरीचे दोन-चार पुंजके बाभळीच्या काट्यांना. रस्त्यावर लांब धूळ दिसत होती, ती कळपाची की डंपरची ते कळत नव्हतं. शेख मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "बच्ची बहुत देर खडी थी, सर," एवढंच म्हणाल्या. त्या फळ्यावर लिहितात तेवढंच बोलतात.

सारजाचा सहा चौकोनांचा कागद टेबलावर ठेवलेला होता. पाचवा चौकोन तसाच, कोरा.

त्या वर्षाच्या शेवटी माझी बदली झाली. दिवाळीनंतर बिरूभाऊंचा कळप पुन्हा आला, पण सारजा शाळेत आली नाही, हे मॅडमनी कळवलं. हजेरीपटावर तिच्या नावावर लाल रेघ आली, शेजारी 'सतत गैरहजर'. ते अक्षर नव्या शिक्षकांचं असेल. मी असतो तर माझं असतं.

गेल्या पंधरवड्यात त्या बाजूला गेलो होतो. रस्ते आता असे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. अर्थात पलीकडं माणूस नसतोच. दिव्यांचे खांब ओळीनं उभे, दुभाजकात बोगनवेल, आणि बोगनवेलीला पाणी घालणारा टँकर. पूर्ण भरलेला, खड्डाच नाही तर वाजणार कसा? हाळ कुठं असेल याचा अंदाज करत मी थोडा वेळ गाडी हळू चालवली. मागच्यानं हॉर्न दिला.

तर यशोगाथा. फोटो जोडला आणि खाली ओळ लिहिली: 'कंपासपेटी धरून उभी असलेली सारजा. चित्रीकरण तिनं दोनच दिवस आधी केलं होतं, फार चांगलं केलं होतं. हा फोटो ठेवायला जागा हवी म्हणून ते मी पुसलं.' पाठवून दिली. पाच मिनिटांत कार्यालयातून उत्तर आलं, तरुण, तत्पर आणि नम्र: 'सर, ओळ मोठी होतेय. बॉक्समध्ये बसत नाही. कृपया पाच शब्दांत द्या.'

पुन्हा एक बॉक्स. मी फोटो मोठा करून बघत राहिलो. मिटलेला डोळा, पत्र्याचं झाकण. तिच्या मागं कळपातून एक काळं मेंढरू खरंच उठून उभं राहिलेलं आहे. इतक्या वर्षांत हे मला दिसलं नव्हतं. ती बघून सांगत होती.

"ओ सर! टाकी वाहतीय तुमची! जिन्यात पाणीच पाणी!" खालच्या शेजारणीनं हाक दिली. धावत जाऊन मोटार बंद केली. पायऱ्यांवरून पाणी गल्लीत गेलं होतं आणि तिथून गटारात. शेजारीण माझ्याकडं बघत होती, मी पाण्याकडं.

वर आलो, ओले हात पुसले आणि पाच शब्द मोजून लिहिले.

'ही मुलगी शाळेत राहिली नाही.'